सुपरहीरोला शक्ती कोण देतं?

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलेलं आहे. त्यात सुपरमॅन पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि त्याची ओळख करून देणाऱ्या पहिल्याच पानावर एक मुंगी आहे. लिहिणारा जेरी सीगल आणि चित्रं काढणारा जो शुस्टर, दोघेही अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातले तरुण. हा माणूस मोटार डोक्यावर उचलतो तरी कसा, असं वाचक विचारणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शास्त्रीय खुलासाच देऊन टाकला: मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझं पेलते, टोळाची उडी माणसाच्या मापात मोजली तर शहरातले कित्येक चौक ओलांडेल, मग शरीररचनेत आपल्यापेक्षा लाखो वर्षं पुढे गेलेल्या ग्रहावरच्या माणसाला हे का जमू नये?

ग्वाल्हेरला लश्कर भागात आमच्या मराठी मंडळाचं छोटं वाचनालय आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तिथे मी मुलांबरोबर बसते. घरी मराठी, शाळेत हिंदी-इंग्रजी अशी ही मुलं. मागच्या सुटीत हे मुंगीचं पान मी त्यांना सांगितलं तेव्हा सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच आहे. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे ते नीट कळलं की अर्ध्या सुपरहीरोंच्या शक्तीचा हिशोब आपल्याला घरबसल्या मांडता येतो.

एखाद्या प्राण्याची ताकद त्याच्या स्नायूंच्या जाडीवर, म्हणजे स्नायू आडवा कापला तर जेवढं क्षेत्रफळ दिसेल त्यावर अवलंबून असते. वजन मात्र घनफळावर ठरतं. आकार प्रत्येक दिशेने दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि घनफळ आठपट. म्हणजे ताकद चौपट, वजन आठपट. स्वतःच्या वजनाच्या मानाने तो प्राणी निम्माच बलवान उरला. आता पाच मिलिमीटरची मुंगी पावणेदोन मीटरची करा. लांबी ३५० पट झाली, म्हणून वजनाच्या मानाने ताकद ३५० पटींनी घटली. लहानपणी ती स्वतःच्या वजनाच्या ५० पट उचलत असेल, तर मोठेपणी तिची ताकद स्वतःच्या वजनाच्या सातव्या हिश्शाएवढीच उरेल. ती उभीच राहू शकणार नाही. मुंगी बलवान आहे कारण ती लहान आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात हा नियम मांडला होता, सुपरमॅनच्या बरोबर ३०० वर्षं आधी.

सुपरमॅनच्या कर्त्यांना बहुधा हा खुलासा तोकडा वाटला असावा, कारण पुढच्याच वर्षी त्यांनी त्यात दुसरं कारण घातलं: पृथ्वी लहान, तिचं गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून मोठ्या ग्रहावरून आलेल्याला इथे सगळं हलकं वाटतं. या विचारात दम आहे. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं, आणि अवजड पोशाखातले अंतराळवीर तिथे टुणटुण उड्या मारत चालताना आपण पाहिले आहेत. पण आकडे मांडून बघू. सुरुवातीचा सुपरमॅन उडत नसे, फक्त उडी मारत असे, आणि त्याची उडी वीस मजली इमारतीएवढी सांगितली आहे. ती ढोबळमानाने ६० मीटर धरू. (आमचा किल्ला शहरापासून सुमारे १०० मीटर उंच, म्हणजे त्या सुपरमॅनला पायथ्यापासून वर जाताना मध्ये कुठेतरी कड्याला धरून दुसरी उडी मारावी लागली असती. मुलांना हा हिशोब फार आवडला.) चांगला खेळाडू जागेवरून सुमारे ६० सेंटिमीटर उंच उडतो. शंभरपट उडी हवी तर ज्या ग्रहावर तो वाढला तिथलं गुरुत्वाकर्षण साधारण शंभरपट हवं. गुरूवर ते पृथ्वीच्या अडीच पट आहे. खुद्द सूर्याच्या पृष्ठभागावरही २८ पटच. पृथ्वीसारख्याच दगडमातीचा आणि शंभरपट गुरुत्वाकर्षणाचा गोळा करायचा म्हटलं, तर तो जवळपास सूर्याएवढा मोठा करावा लागेल, आणि एवढा दगड स्वतःच्याच वजनाखाली चिरडला जाईल.

१९६० च्या सुमारास तिसरा खुलासा आला: सुपरमॅन जिथून आला त्या क्रिप्टन ग्रहाचा सूर्य लाल, आपला पिवळा, आणि पिवळ्या सूर्याच्या उन्हातून सुपरमॅनला शक्ती मिळते. मला हा तिन्हींत सरस वाटतो. भरदुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. माणसाच्या अंगावर पडणारं सगळं ऊन, काहीही वाया न घालवता, साठवता आलं असं समजू. मग एक टनाची मोटार दोन मीटर वर उचलायला वीस सेकंदांचं ऊन पुरे होतं! पृथ्वीच्या ओढीतून सुटून अंतराळात जायचं असेल तर मात्र ९० किलोच्या माणसाला सुमारे दोन महिने अखंड, रात्र न होता, ऊन खावं लागेल. शक्ती खरी असेल तर तिला कुठून तरी ऊर्जा यावी लागते, एवढी जाणीव या तिसऱ्या खुलाशात आहे. पहिल्या दोघांत ती नव्हती.

एकाच नायकाला बावीस वर्षांत तीन उगमकथा का लागल्या? हे फक्त सुपरमॅनचं झालेलं नाही. उगमकथा एकामागून एक ठेवून पाहिल्या तर मला त्यांत एकच रीत दिसते. लेखक शक्तीचा उगम नेहमी अशा जागी ठेवतात जिथलं विज्ञान लोकांच्या कानावर आलेलं असतं, पण अजून अर्धंच समजलेलं असतं. अजिबात न ऐकलेली गोष्ट वाचकाला पटत नाही, पूर्ण समजलेली गोष्ट चमत्कार करू शकत नाही. मधली अर्धवट जागा तेवढी कामाची. आणि समज वाढली की ती जागा सोडून पुढच्या जागी जावं लागतं.

कॅप्टन अमेरिका घ्या. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा हा नायक, पहिल्या अंकावर मार्च १९४१ ही तारीख आणि मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा लगावतो आहे. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा अजून बरेच महिने होते. अशक्त स्टीव्ह रॉजर्सला एक औषध टोचतात आणि तो धिप्पाड होतो. १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) प्रयोगशाळेत तयार करण्यात आलं होतं, १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा त्या कामाशी संबंध होता. एका सुईत पुरुषार्थ, ही कल्पना त्या काळात हवेतच होती. आज आपल्याला ठाऊक आहे की अशा संप्रेरकांनी स्नायू वाढतात, पण महिनोन्‌महिन्यांच्या व्यायामासोबत, आणि हृदय-यकृताला त्याची किंमत मोजावी लागते.

१९४१ मध्येच वंडर वूमन आली. तिचा कर्ता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता आणि खोटं बोलताना रक्तदाब वाढतो या कल्पनेवर त्याने तपासणीची पद्धत बसवली होती. खोटं पकडण्याच्या यंत्राच्या पूर्वजांत ती मोजतात. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याची ती तपासणी पुरावा म्हणून नाकारली. वंडर वूमनकडे मात्र असा दोर आहे की ज्यात बांधलेल्या माणसाला खरं बोलावंच लागतं. प्रत्यक्षात रक्तदाब भीतीनेही वाढतो, खऱ्या माणसाचाही.

आयर्नमॅनचं चिलखत १९६३ मध्ये कशावर चालत होतं? ट्रान्झिस्टरवर. त्या काळच्या कथांत काहीही अशक्य करायचं असलं की ट्रान्झिस्टर पुढे येतो, कारण घराघरांतला रेडिओ त्याच्यामुळे हातात मावेल एवढा झाला होता. पण ट्रान्झिस्टर हा विजेचा नळ आहे, टाकी नव्हे; प्रवाह कमीजास्त करणं, चालू-बंद करणं हे त्याचं काम, ऊर्जा तो निर्माण करत नाही. ट्रान्झिस्टर कोट्यवधींनी प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जाऊन बसल्यावर ती सबब टिकणं शक्य नव्हतं. २००८ च्या चित्रपटात त्याच्या छातीवर छोटी अणुभट्टीसारखी गोष्ट चमकते. जागा बदलली.

आता अणू. या सगळ्यात सर्वांत मोठी अर्धवट जागा हीच होती. १९४५ ला हिरोशिमा, १९४९ ला सोव्हिएत संघाची अणुचाचणी, आणि पुढची बारा-तेरा वर्षं शाळेतली मुलं बाकाखाली लपण्याचा सराव करत होती. मग १९६१ च्या नोव्हेंबरात फँटॅस्टिक फोर आले, त्यांना अंतराळातले वैश्विक किरण बाधले. गागारिन अंतराळात जाऊन जेमतेम सहा-सात महिने झाले होते. १९६२ च्या मे महिन्यात हल्क आला, गॅमा बॉम्बच्या स्फोटातून. ऑगस्टमध्ये स्पायडरमॅन, किरणोत्सर्गी कोळ्याच्या चाव्यातून. १९६४ मध्ये डेअरडेव्हिल, डोळ्यांत किरणोत्सर्गी पदार्थ उडाल्याने. तीन वर्षांत एवढ्या जणांना किरणांनी घडवलं.

गॅमा किरण काय करतात हे समजून घ्यायला आपल्याला अमेरिकेच्या वाळवंटात जायची गरज नाही. नाशिकजवळ लासलगावला कांद्याचं मार्केट आहे हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. तिथे २००२ पासून कोबाल्ट-६० वापरून गॅमा किरण देणारं केंद्र आहे. कांद्याला थोडे किरण दिले की त्याला कोंब फुटत नाहीत आणि तो टिकतो. २००७ मध्ये हापूस अमेरिकेला जायला लागला तोही इथून किरण घेऊन, म्हणजे आत लपलेल्या किडीची पुढची पिढी होऊ नये. या आंब्याला किमान ४०० ग्रे एवढी मात्रा देतात. ग्रे म्हणजे एका किलोमागे शोषलेली एक ज्यूल ऊर्जा. तो आंबा किरणोत्सर्गी होत नाही, हिरवा राक्षसही होत नाही. आपण तो निर्धास्त खाऊ शकतो.

पण माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम ४ ते ५ ग्रे पडले, तर उपचारांशिवाय साधारण निम्मी माणसं दगावतात. आंब्याच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या मात्रेने! आणि उष्णता म्हणाल तर एवढ्याने शरीराचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढंच चढेल. मग माणूस मरतो कशाने? गॅमा किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. ज्या पेशी सतत नव्या तयार होत असतात त्यांना हा घाव सर्वांत जास्त लागतो: हाडांच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या, आतड्याच्या अस्तराच्या. नवं रक्त बनेनासं होतं, आतडं झिजतं. झाडावरून उतरलेल्या आंब्याला वाढायचं राहिलेलं नसतं, म्हणून त्याचं फारसं बिघडत नाही, आणि वाढणारी कीड मात्र संपते. कर्करोगावर किरणांचा उपचार चालतो तोही याच कारणाने: गाठीतल्या पेशी घाईने वाढतात, म्हणून त्याच आधी मार खातात.

म्हणजे ज्याचा हल्क झाला त्या शास्त्रज्ञ ब्रूस बॅनरचं खरं जे झालं असतं ते फार करुण होतं. मला हल्कच्या कथेत आणखी एक प्रश्न छळतो, तो वजनाचा. सडपातळ शास्त्रज्ञ बघता बघता काही शे किलोंचा होतो. हे वजन आलं कुठून? आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे ऊर्जेपासून वस्तुमान होऊ शकतं, पण भाव फार कडक आहे. फक्त एक किलो वस्तुमानासाठी सुमारे २१ मेगाटन स्फोटाएवढी ऊर्जा लागते, हिरोशिमाच्या बॉम्बच्या हजारपटीहून जास्त. तेवढी ऊर्जा अंगात शिरली असती तर अंगच उरलं नसतं. (हल्कचा रंगही असाच योगायोगाचा आहे: पहिल्या अंकात तो राखाडी होता, छपाईत राखाडी रंग एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा.)

स्पायडरमॅनचं ऐकून आमच्या वाचनालयातली आठ वर्षांची एक मुलगी विचारत होती, “काकू, मग मला मकडी चावली तर मी पण भिंतीवर चढेन का?” तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. किरणोत्सर्गी कोळ्याच्या चाव्यातून त्याचे गुण माणसात येत नाहीत. गुण डीएनएमध्ये लिहिलेले असतात, आणि किरण ते लिखाण फाडतात, एका प्राण्याचं दुसऱ्यात नेऊन लावत नाहीत. लेखकांनाही हे पुढे खटकलं असणार. मानवी जनुकांच्या नकाशाचा पहिला मसुदा जून २००० मध्ये जाहीर झाला, आणि त्याच सुमाराला नव्याने सुरू झालेल्या कथांत, मग २००२ च्या चित्रपटात, तो कोळी किरणोत्सर्गी राहिला नाही. तो जनुकं बदललेला कोळी झाला. अणू समजला होता, जनुकं अर्धी समजली होती. हा खुलासा निदान योग्य दिशेला आहे, कारण जिवाणूंत, रोपांत दुसऱ्या जीवाचं जनुक घालता येतं हे खरं आहे. पण ते एका चाव्याने, मोठ्या झालेल्या माणसाच्या अब्जावधी पेशींत एकदम, होत नाही.

आणि समजा झालं, तरी भिंतीवर चढताना आपली जुनी मुंगी पुन्हा आडवी येते. कोळ्याच्या आणि पालीच्या पायांवर अतिसूक्ष्म केस असतात. ते पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधली क्षीण ओढसुद्धा, लाखो केसांची मिळून, शरीर पेलते. चिकटण्याची ताकद तळव्याच्या क्षेत्रफळावर, ओढणारं वजन घनफळावर. म्हणून जसजसा प्राणी मोठा, तसतसे चिकट तळवे अंगाच्या मानाने मोठे लागतात. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे मोजलं: माणसाला पालीसारखं चढायचं तर त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे ४० टक्के भाग चिकट असायला हवा. स्पायडरमॅन बोटांच्या टोकांनी चढतो. कोळ्याच्या धाग्याचं कौतुक मात्र पूर्ण खरं आहे; वजनाला वजन धरलं तर तो पोलादापेक्षा मजबूत भरतो.

आता ज्यांना कुठलीच शक्ती मिळाली नाही त्यांच्याकडे वळते, कारण आमच्या पिढीने ग्वाल्हेरला वाचलेले नायक बहुतेक असेच होते. १९६४ मध्ये सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत, पण इथल्या दुकानांत भाड्याने मिळत ती हिंदी, आणि दुपारभर वाचून संध्याकाळी परत करायची. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, सुपरमॅनच्याही आधीचा, ली फॉक यांनी १९३६ मध्ये आणलेला. त्याच्याकडे बळ आहे ते फक्त अफवेचं. १५३६ सालच्या पहिल्या वेताळाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो; जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस मरतच नाही. या उगमकथेला विज्ञानाची गरजच नाही, आणि म्हणून ती कधी बदलावीही लागली नाही. बॅटमॅनचंही तसंच: १९३९ मध्ये आलेल्या या नायकाचे आईबाप गल्लीतल्या चोराने मारले, एवढं आजही पुरतं.

आमच्यासाठी यात सर्वांत जवळचा बहादूर. आबिद सुरती यांनी तो १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आणला. चंबळचा परिसर, डाकूचा मुलगा, बाप पोलिसांच्या गोळीने गेलेला, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून तो गेला त्यानेच मुलाला वाढवलेलं. भगवा कुडता, जीन्स, आणि गावकऱ्यांना हाताशी धरून उभं केलेलं नागरिक सुरक्षा दल. हे बाहेरच्यांना साहस वाटत असेल. ग्वाल्हेरच्या घरांत मात्र मुरैना-भिंडकडे जायचं तर अंधाराच्या आत पोचा, असं मोठी माणसं खरंच बजावत. १९७२ च्या एप्रिलमध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्या बागी डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. इथली भीती कुणाला अर्धवट कळलेली नव्हती, पुरती कळलेली होती, बीहडातल्या घळींसकट. म्हणून बहादूरला किरण लागले नाहीत, औषध लागलं नाही. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव, अनुपम सिन्हा यांनी १९८७ मध्ये आणलेला, त्याच माळेतला: सर्कशीत वाढलेला मुलगा, आगीत आईबाप गमावलेला, शाळेच्या पुस्तकातलं विज्ञान वापरून लढणारा. आमच्या मुलांना त्याच्या कथांत रसायनांच्या, चुंबकांच्या युक्त्या शोधायला मी मुद्दाम बसवते.

नागराजची गोष्ट मात्र या सगळ्यांच्या उलट जाते. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये त्याला आणलं तेव्हा तो प्रोफेसर नागमणीने तयार केलेलं हत्यार होता, दहशतवाद्यांना भाड्याने द्यायचं. बाबा गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म साप आहेत. पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून मारतात, म्हणून जखमा पटकन भरणं त्यावर बसवता येतं. फक्त ओळखणं ही त्यातली अवघड गोष्ट आहे, आणि ते साप कसं करतात ते कथा सांगत नाही. पुढे नागराजची उगमकथा बदलली. सुपरमॅन आणि स्पायडरमॅनच्या लेखकांनी जुनं विज्ञान टाकून नवं घेतलं. नागराजच्या लेखकांनी विज्ञानच सोडलं: तो राजा तक्षकराजाचा मुलगा निघाला, देव कालजयीच्या विषाचा वारस, आणि नागमणीला तो तान्हेपणी सापडला होता. इच्छाधारी नाग काय करू शकतो हे आपल्याकडे नागपंचमीला पाटावर नाग काढणाऱ्या प्रत्येक घराला आजीकडून कळलेलं असतं. तिथे प्रोफेसरने खुलासा देण्याची गरज उरत नाही, आणि वाचकांनी तो मागितलाही नाही.